हाफ तिकीट

परवा जामनेरहून जळगावला जाताना एस.टी.त एक गंमत झाली. बरोबर त्र्याऐंशी वर्षांची माय आणि पत्नी. कंडक्टरनं मायचं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट दिलं, पत्नीला हाफ दिलं आणि मला फुल. माय हसून म्हणाली, "आता तूच तेवढा पुरता माणूस!" त्या बोलण्यानं मला पन्नास वर्षं मागं नेलं.

'हाफ तिकीट' हा शब्द इंग्रजी. पण आपण तो केव्हाच मराठी करून घेतला. तो आला रेल्वेबरोबर. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस एडमंडसन यांनी पुठ्ठ्याचं छापील तिकीट रूढ केलं आणि ते आपल्याकडेही आलं. मुलासाठी तिकीट काढलं, की बुकिंग क्लार्क त्याचा कोपरा कातरून द्यायचा. बारा वर्षांखालच्या मुलाला अर्धं भाडं, हा हिशेब खेड्यापाड्यात पोचला तो असा.

आमच्याकडे तो पोचवला 'पीजे'नं. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी नॅरोगेज, ५६ किलोमीटरची गाडी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली. पहूर, शेंदुर्णी, वरखेडी करत ती निवांत पाचोऱ्याला पोचे. १९७४ साली मी सातवीत होतो, बारा पूर्ण झाले होते. मामाकडे निघालो, तेव्हा मायनं बजावलं, "विचारलं तर अकरा सांग." तिकीट तपासनिसानं वय विचारलं, मी पढवल्याप्रमाणे सांगितलं. मग त्यांनी इयत्ता विचारली. वर्गात पहिला आलेला मी, ऐटीत म्हणालो, "सातवी!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मायच्या ठिगळाच्या लुगड्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ते पुढं गेले. पाचोऱ्यापर्यंत माय खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढं शब्दाचे अर्थ वाढत गेले. वर्गातला सर्वांत बुटका पोरगा 'हाफ तिकीट' झाला. मोठ्यांच्या गप्पांत नाक खुपसणारा लहानगाही 'हाफ तिकीट'. खेळात ज्याला लिंबू-टिंबू म्हणतात, त्याचाच हा भाऊ. १९६२ साली 'हाफ टिकट' नावाचा हिंदी चित्रपटच आला. त्यात मुंबई गाठण्यासाठी लहान मूल बनून अर्ध्या तिकिटावर प्रवास करणारा वाढलेला नायक होता किशोरकुमार. भुसावळच्या पुढच्या खंडव्याचा, म्हणजे जवळपास आमच्याच रुळांवरचा! २०१६ साली मराठीत 'हाफ तिकीट' आला. त्यात होती पिझ्झ्यासाठी धडपडणारी झोपडपट्टीतली दोन मुलं. एकात सवलतीची चेष्टा, तर दुसऱ्यात अपुऱ्या खिशाची गोष्ट.

सवलतीचे धनीही बदलत गेले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावू लागलेल्या एस.टी.त हाफ तिकीट मुलांचं होतंच, पुढं ते पासष्टी ओलांडलेल्यांनाही मिळालं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं भाडं. रेल्वेनं मात्र २१ एप्रिल २०१६ पासून, मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं घ्यायला सुरुवात केली आणि मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली. त्याच महिन्यात आमची पीजेही थांबली, ती कायमचीच.

राहता राहिली मायची गोष्ट. २००५ साली ती त्रेसष्टची होती. शेजारणी सांगत, "पासष्ट सांगा, कोण बघतं?" मायनं ऐकलं नाही, एस.टी.त पूर्ण पैसे मोजले. मी विचारलं, "माय, मग मला तेव्हा खोटं का बोलायला लावलंस?"

ती म्हणाली, "तेव्हा फुल काढलं असतं तर यायचे पैसे उरले नसते. आता तू कमावतोस. आता खोटं बोलले तर ती लबाडी होईल."

अर्ध्या तिकिटाचा एवढा पुरा अर्थ मला कुठल्या शब्दकोशात सापडला नसता. परवा फुल तिकिटाचे पैसे देताना वाटलं, १९७४ची बाकी आज थोडी फिटली.