एका पासामागे दहा जण

७ डिसेंबर १९८०, रविवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या अगदी काठावर असलेल्या कँडलस्टिक पार्कमध्ये तुम्ही बसला आहात. खाडीवरचा बोचरा वारा स्टेडियममध्ये घुसतो आणि बाहेर पडायची वाट सापडत नसल्यासारखा आतच घुमत राहतो. आजूबाजूच्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या आहेत. पहिला हाफ संपला आहे आणि गुणफलकावर पाहुण्यांचे ३५ गुण आहेत, घरच्या फोर्टी-नायनर्सचे ७.

पाहुणे आहेत न्यू ऑर्लिन्स सेंट्स. या मोसमातले १३ सामने झाले, तेराही ते हरले. त्यांच्या शहरातले प्रेक्षक तोंडावर कागदी पिशव्या चढवून, डोळ्यांपुरती भोकं पाडून सामन्याला येऊन बसतात. आज मात्र हाच संघ २८ गुणांनी पुढे आहे. त्यांचा क्वार्टरबॅक आर्ची मॅनिंग, उंच, तांबूस केसांचा, ३१ वर्षांचा, बाकाकडे निघाला आहे. या संघाकडून त्याचं हे दहावं वर्ष. घरी चार वर्षांचा पेटन आहे आणि धाकटा एली पुढच्या महिन्यात जन्मणार आहे.

अमेरिकन फुटबॉल तुम्हाला नवा असेल, तर दुसरा हाफ सुरू होताना चेंडूवरची नजर काढा आणि चेंडूच्या दोन्ही बाजूंना वाकून उभ्या असलेल्या धिप्पाड माणसांकडे पाहा. त्यातले चेंडू असलेल्या संघाचे पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. मधला सेंटर चेंडू दोन पायांमधून मागे देतो आणि त्या क्षणी समोरचे धटिंगण क्वार्टरबॅकला लोळवायला धावतात. पाच जणांनी त्यांना अडीच-तीन सेकंद थोपवलं, तर क्वार्टरबॅकला मान वर करून कोण मोकळं आहे ते पाहता येतं. तेवढ्यात एखाद्या रिसिव्हरला आपल्या पहारेकऱ्याला चकवता आलं पाहिजे, ठरलेल्या जागी ठरलेल्या पावलाला वळता आलं पाहिजे. आणि एवढं सगळं जुळून पास पूर्ण झाला, तरी हा निम्माच खेळ. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की क्वार्टरबॅक बाहेर बसतो आणि दुसरेच अकरा जण मैदानात उतरतात. त्यांच्या कामगिरीवर त्याचा काडीचा ताबा नसतो.

तेच आता तुमच्या डोळ्यांसमोर घडू लागतं. फोर्टी-नायनर्सचा क्वार्टरबॅक जो मॉन्टाना दुसऱ्याच वर्षाचा खेळाडू आहे, वय २४. तो स्वतः रेषा ओलांडून एक टचडाउन करतो. मग ड्वाइट क्लार्कला पास, ७१ यार्ड, दुसरा टचडाउन. तिसरा फ्रेडी सॉलोमनला. चौथा लेनव्हिल एलिअट धावत नेतो आणि ३५-३५ अशी बरोबरी होते. सेंट्सचा बचाव एकामागून एक दारं उघडी टाकतो आहे आणि मॅनिंग हेल्मेट हातात घेऊन सीमारेषेवर उभा आहे. जादा वेळेत रे वर्शिंग चेंडू लाथाडून खांबांमधून पार करतो, म्हणजे फील्ड गोल मारतो. ३८-३५. नियमित मोसमातली तोवरची सर्वांत मोठी मुसंडी.

उद्याच्या पेपरात मॉन्टानाचं नाव मोठ्या अक्षरांत येईल आणि त्याचा तो मानही आहे. पण तुम्ही मॅनिंगकडेही नीट पाहून घ्या. या मोसमाअखेर त्याचे पास ३,७१६ यार्ड भरतील, टचडाउन पास २३ होतील. संघ मात्र १६ पैकी एकच सामना जिंकेल, कारण बचावाने ४८७ गुण दिलेले असतील. कारकीर्द संपेल तेव्हा त्याच्या नावापुढे ३५ विजय, १०१ पराभव आणि ३ बरोबरी अशी नोंद राहील. हे १०१ पराभव एकट्याच्या नावावर लिहिणं हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

आता १३ महिने पुढे चला. १० जानेवारी १९८२, तेच स्टेडियम. आज साठ हजार माणसं आहेत आणि वाऱ्यापेक्षा त्यांचा आवाज मोठा आहे. समोर डॅलस काउबॉइज. जिंकणारा सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला जाईल. गेल्या मोसमात ६ विजय आणि १० पराभव अशा नोंदीवर थांबलेले फोर्टी-नायनर्स या मोसमात १३ सामने जिंकून इथे आले आहेत.

मधल्या काळात मॉन्टाना एकदम दुप्पट चांगला झाला का? तो सुधारला, हे खरं. पण बचावाच्या मागच्या फळीत बघा, रॉनी लॉट, एरिक राइट आणि कार्लटन विल्यमसन हे तिघे याच वर्षी ड्राफ्टमधून, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीतून आले आणि पहिल्याच मोसमात तिघांनाही सुरुवातीच्या अकरांत जागा मिळाली. लॉस एंजेलिस रॅम्सकडून अनुभवी लाइनबॅकर जॅक रेनॉल्ड्स आला. ऑक्टोबरमध्ये सॅन डिएगोहून फ्रेड डीन आला. समोरच्या क्वार्टरबॅकवर चाल करून जाणं हेच त्याचं काम. आणि सीमारेषेवर पांढऱ्या केसांचा कोच बिल वॉल्श उभा आहे.

वॉल्शची पद्धत कशी जन्मली, तीही गोष्ट याच विषयाची आहे. १९७० साली तो सिनसिनाटीत सहायक कोच होता. लांब पल्ल्याचे पास टाकणारा क्वार्टरबॅक ग्रेग कुक जायबंदी झालेला, हाताशी उरला व्हर्जिल कार्टर. कार्टर अचूक होता, चलाख होता, पण हातात तेवढा जोर नव्हता. वॉल्शने मग आडव्या पसरलेल्या मैदानाचा उपयोग करणारे छोटे, मोजून-मापून टाकायचे पास आखले. खेळाडूला योजनेत कोंबण्यापेक्षा योजना खेळाडूच्या बेताची केली. मॉन्टानाला हा सगळा विचार आयता मिळाला. मात्र तो मिळूनही तसं खेळणं सगळ्यांना जमलं नसतं. १९७९ मध्ये याच वॉल्शच्या हाताखाली फोर्टी-नायनर्सच्या स्टीव्ह डीबर्गने लीगमध्ये सर्वाधिक पास पूर्ण केले आणि संघ २-१४ राहिला. तेव्हा बचाव दुबळा होता, आणि मोक्याच्या क्षणी डोकं थंड ठेवणारा मॉन्टाना अजून बाकावर होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

सामन्यात परत या. डॅलस २७, सॅन फ्रान्सिस्को २१. मॉन्टानाने आज तीन इंटरसेप्शन दिली आहेत, म्हणजे त्याचे तीन पास डॅलसच्या हातात गेले आहेत. घड्याळात ४ मिनिटं ५४ सेकंद. चेंडू स्वतःच्या ११ यार्डांवर, म्हणजे समोर ८९ यार्डांची वाट. डॅलसने पास अडवायला जादा माणसं मागे ठेवली आहेत, हे वॉल्शने हेरलं आहे. तो चेंडू पुन्हा पुन्हा धावणाऱ्या एलिअटच्या हातात द्यायला लावतो. गार्ड रँडी क्रॉस आणि जॉन एअर्स पुढे वाट मोकळी करतात. गेल्याच आठवड्यात न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरला रोखण्याची जबाबदारी वॉल्शने याच एअर्सवर टाकली होती. सॉलोमन उलट दिशेने धावत १४ यार्ड काढतो. ज्या धावपट्टीवरून मॉन्टाना अजरामर होणार आहे, ती ही माणसं एकेक यार्ड खणून तयार करत आहेत.

चेंडू सहा यार्डांवर पोचला. तिसरा प्रयत्न, हवे आहेत तीन यार्ड, उरले ५८ सेकंद. मॉन्टाना उजवीकडे पळतो. पास सॉलोमनसाठी ठरलेला, पण सॉलोमनचा पाय घसरतो. मॉन्टानामागे तिघे लागलेत, त्यात सहा फूट नऊ इंचांचा एड जोन्स. मॉन्टाना चेंडू टाकल्याची हूल देतो, जोन्सची उडी चुकते. रेषेबाहेर जायला दोन-तीन पावलं असताना, मागच्या पायावर तोल टाकून तो चेंडू उंच सोडतो. तुम्हाला वाटतं, गेला फुकट. पण एंड झोनच्या मागच्या कडेला क्लार्क आडवा धावत आला आहे. दोन्ही हात ताणून तो झेपावतो, चेंडू बोटांच्या टोकांत अडकतो आणि पाय रेषेच्या आत टेकतात. मॉन्टाना तेव्हा माणसांखाली दबलेला आहे. त्याला कॅच दिसतच नाही, फक्त आरडाओरडा ऐकू येतो.

हा क्लार्क ड्राफ्टच्या दहाव्या फेरीत मिळालेला. त्याच्या क्लेमसन कॉलेजचा क्वार्टरबॅक बघायला वॉल्श गेला होता आणि त्यात त्या क्वार्टरबॅकचा हा खोलीसोबती त्याच्या नजरेत भरला. तो ज्या जागी झेपावला, ती जागाही आधी ठरलेली होती, घोटलेली होती.

वर्शिंग जादा गुण घेतो, २८-२७. शेजारचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात. बहुतेकांच्या आठवणीतला सामना इथेच संपतो. तुम्ही मात्र जागेवरून हलू नका, अजून ५१ सेकंद आहेत.

डॅलसचा डॅनी व्हाइट मधोमध ड्रू पिअर्सनला पास देतो. पिअर्सन सुसाट निघाला आहे आणि पुढे मैदान मोकळं आहे. मागून एरिक राइट, पहिल्याच वर्षाचा पोरगा, एका हाताने त्याच्या जर्सीची मान पकडतो. कापड ताणलं जातं, पिअर्सन फिरकी खाऊन कोसळतो. तेवढी पकड सुटली असती तर डॅलस सुपर बोलमध्ये गेलं असतं. अजूनही थोडे यार्ड मिळाले तर त्यांना फील्ड गोल पुरतो. पण पुढच्याच चालीत लॉरेन्स पिलर्स लाइन फोडून व्हाइटला गाठतो, चेंडू निसटतो आणि जिम स्टकी त्यावर झेप घेतो. सामना आत्ता संपला. या सगळ्या वेळात मॉन्टाना बाहेर होता.

दोन आठवड्यांनी तो सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरेल, १५७ यार्डांच्या पासांवर. हरलेल्या सिनसिनाटीच्या केन अँडरसनचे ३०० यार्ड भरतील, आणि गोलरेषेवर उभं ठाकून फोर्टी-नायनर्सचा बचाव तो सामना वाचवेल.

आता थेट २९ जानेवारी १९९५, मायामी. सुपर बोलची तिसरीच चाल आहे आणि फोर्टी-नायनर्सचा डावखुरा स्टीव्ह यंग चेंडू फेकतो. रिसिव्हर जेरी राइस तो मधल्या मैदानात धावतानाच टिपतो, ४४ यार्डांचा टचडाउन. रात्र संपेपर्यंत यंगचे सहा टचडाउन पास होतील, त्यातले तीन एकट्या राइसला. सहाचा हा आकडा सुपर बोलमधला विक्रम असेल. हाच यंग १९८५ आणि १९८६ मध्ये टँपा बेकडून १९ सामन्यांत सुरुवातीला उतरला होता. त्यातले तीन जिंकले. टचडाउन पास ११, इंटरसेप्शन २१. टँपाने त्याला फोर्टी-नायनर्सना देऊन टाकलं. त्याचा हात, त्याचे पाय टँपातही हेच होते. मायामीत त्याच्यापुढे भक्कम लाइन आहे, बाजूला राइस आहे, बचावात डिऑन सँडर्स आहे आणि मधली काही वर्षं मॉन्टानाच्या मागे थांबून तो शिकला आहे.

शेवटचा थांबा ७ फेब्रुवारी २०१६, सांता क्लारा. सनीव्हेल-सांता क्लारातल्या कितीतरी मराठी कुटुंबांच्या रोजच्या वाटेवरचं हे लीव्हाइज स्टेडियम, फोर्टी-नायनर्सचं नवं घर. आज इथे पन्नासावा सुपर बोल आहे आणि डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून पेटन मॅनिंग उतरला आहे. आर्चीचा तोच मुलगा, आता ३९ वर्षांचा. २०१३ च्या मोसमात त्याने ५५ टचडाउन पास आणि ५,४७७ यार्डांचा विक्रम केला होता. त्या मोसमाच्या सुपर बोलमध्ये मात्र त्याचा संघ ४३-८ असा चिरडला गेला. आज त्याचा हात थकलेला आहे. या मोसमात ९ टचडाउन, १७ इंटरसेप्शन आणि मधले काही आठवडे बाकावर.

बघा काय होतं ते. समोर लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला क्वार्टरबॅक कॅम न्यूटन आहे. डेन्व्हरचा व्हॉन मिलर कडेने घुसून त्याच्या हातातला चेंडूच हिसकावतो, मलिक जॅक्सन एंड झोनमध्ये त्यावर पडतो. टचडाउन, पेटनचा चेंडूला स्पर्शही न होता. पुढेही न्यूटनला उसंत मिळत नाही. निकाल २४-१०. पेटनचे १४१ यार्ड, एकही टचडाउन पास नाही, आणि विजेतेपद. ५५ टचडाउनच्या वर्षात हुकलेला चषक, हात थकल्यावर मिलर आणि त्याच्या सोबत्यांनी मिळवून दिला.

माझा निवाडा असा. क्वार्टरबॅकची गुणवत्ता खोटी नाही. तोल गेलेला असताना मॉन्टानाने सोडलेला पास दुसऱ्या कुणाला सहज जमला नसता. पण ती गुणवत्ता विजयात उतरते ती लाइनने दिलेल्या सेकंदांतून, रिसिव्हरच्या बोटांतून, बचावाच्या पकडीतून आणि कोचच्या अभ्यासातून. म्हणून जय-पराजयाचे आकडे एका नावापुढे लिहायची सवय मोडायला हवी. यंगबद्दल टँपाच्या आकड्यांवरून मत बनवणारे चुकले. आर्ची मॅनिंगला चांगला संघ मिळालाच नाही, आणि तो मिळाला असता तर काय झालं असतं, हे त्याच्या आकड्यांवरून कधीच कळणार नाही.

पुढच्या वेळी अमेरिकन फुटबॉलचा सामना लावाल तेव्हा पहिल्या काही चालींत चेंडूचा नाद सोडा आणि त्या पाच जणांना बघा. क्वार्टरबॅक थोर की सुमार, हे त्यानंतर ठरवा.