डॉक्टर झाल्यावरही शिकायचे कशाला?



दहावीच्या निकालानंतरची गोष्ट आहे. आमच्या एका हुशार विद्यार्थ्याचे वडील शाळेच्या फाटकाशी भेटले. मी त्यांना म्हणालो, "चाचा, पोराला विज्ञान शाखेला घाला. त्याला प्रश्न विचारण्याची सवय आहे. तो नुसता डॉक्टर नव्हे, संशोधकसुद्धा होईल." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, एकदा डॉक्टर झाला म्हणजे धाडमध्ये दवाखाना टाकील. डॉक्टर झाल्यावरही शिकायचे कशाला? आणि तोपर्यंत घर कोणी चालवायचे?"

प्रश्न रास्त होता. त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर इतिहासाच्या आधारे आपणा सर्वांसमोर मांडीत आहे.

प्रथम दोन पदव्यांमधला फरक समजून घ्या. आपल्याकडे एम.बी.बी.एस. झाल्यावर एम.डी. ही पदव्युत्तर पदवी घेतात. जे ज्ञान आज उपलब्ध आहे, ते रुग्णासाठी नीट वापरायला ती शिकविते. पीएच.डी.चे काम वेगळे. जे अद्याप कोणालाच ठाऊक नाही असे काही शोधायचे आणि ते पुराव्यानिशी सिद्ध करायचे, हा तिचा अर्थ. रोग्याच्या खाटेपाशी पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत न्यायचा आणि तेथील उत्तर पुन्हा खाटेपाशी आणायचे, हे ज्याला साधते त्याला डॉक्टर आणि संशोधक अशा दोन्ही नावांनी ओळखतात. ही दोन कामे एकाच माणसाने शिकावीत असे जगाला का वाटू लागले, हे पाहण्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत जाऊ या.

सन १८९६च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात माणसे ताप आणि गाठी येऊन मरू लागली. हा प्लेग आहे, हे डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखले. ओळख पटली, पण उपाय नव्हता. तेव्हा सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईस बोलाविले. हाफकिन मूळचे ओडेसाचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते जंतुशास्त्र शिकले होते. त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती, ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा जागेत त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली लस स्वतःच्याच अंगात टोचून घेतली.

परंतु लस तयार होणे निराळे आणि लोकांनी ती घेणे निराळे. लोक घाबरले होते, अफवा पसरल्या होत्या. अशा वेळी आपल्या समाजातील एक तरुण पुढे आला. सर सुलतान महंमद शाह, म्हणजे तिसरे आगाखान, त्या वेळी ऐन विशीत होते. त्यांनी आपली खुश्रू लॉज ही वास्तू हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिली आणि खोजा बांधवांची भीती जावी म्हणून स्वतः सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. पालकहो, हे ध्यानात घ्या. ज्या समाजाचा पुढारी संशोधनाला जागा देतो आणि स्वतःचा दंड पुढे करतो, त्या समाजातील कितीतरी घरे वाचतात. पुढे १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यात गेली. आज ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

या कथेला दुःखाचीही बाजू आहे. सन १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी एका बाटलीतील लस टोचल्यावर १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला. लस प्रयोगशाळेत नव्हे, तर टोचतेवेळी गावात दूषित झाली असावी असे पुराव्यांवरून पुढे आले आणि १९०७ साली ते दोषमुक्त झाले. प्रयोगशाळा आणि रुग्ण यांच्यातील वाटेवर एक कडी निसटली तर केवढा अनर्थ होतो, हे यातून दिसते. म्हणून दोन्ही बाजू जाणणारी माणसे हवीत.

दुसरे उदाहरण सर्पगंधेचे. ही आपल्या देशातील जुनी औषधी वनस्पती. वैद्य आणि हकीम तिची मुळी पिढ्यान्‌पिढ्या देत आले. हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजात संशोधनाचा पाया घातला. तेथे डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी हे जर्मनीत पीएच.डी. झालेले रसायनशास्त्रज्ञ काम करीत. त्यांनी १९३१ साली सर्पगंधेतून काही द्रव्ये वेगळी केली आणि त्यांपैकी एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्या विकारात त्याचा पुढे उपयोग झाला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी हीच मुळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना काळजीपूर्वक देऊन पाहिली आणि १९४९ साली आपले निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याबद्दल १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. तथापि रक्तदाब उतरविणारे रेसरपीन हे द्रव्य १९५२ साली वेगळे झाले ते स्वित्झर्लंडमध्ये. मुळी आपली, हकीम आपले, रुग्ण आपले, डॉक्टरही आपले. पण रसायनशास्त्रज्ञ दिल्लीत आणि डॉक्टर मुंबईत. हे दोघे एका छताखाली असते तर काय झाले असते, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

हीच गरज ओळखून अमेरिकेत १९६४ साली सरकारी योजना सुरू झाली. आरंभी तीन विद्यापीठांत वैद्यकाची पदवी आणि पीएच.डी. एकत्र देण्याची सोय झाली. अभ्यासाला सात-आठ वर्षे लागतात, पण निवड झालेल्या विद्यार्थ्याची फी भरली जाते आणि निर्वाहासाठी वेतनही मिळते. आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने लखनौ आणि चेन्नई येथील वैद्यकीय विद्यापीठांत एम.डी. आणि पीएच.डी. एकत्र करण्याची योजना चालविली. महाराष्ट्रात बहुतेकांनी एकापाठोपाठ एक अशा या पदव्या मिळविल्या आणि त्यात भगिनी आघाडीवर आहेत.

डॉ. नीलिमा क्षीरसागर एम.डी. आणि पीएच.डी. दोन्ही आहेत. अँफोटेरिसीन हे बुरशीच्या रोगावरचे औषध गुणकारी, पण मूत्रपिंडाला घातक. तेच औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून दिले तर अपाय कमी होतो. के.ई.एम.मध्ये काम करताना हे औषध आपल्या देशातच तयार व्हावे म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी परिश्रम घेतले. सन २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर 'काळी बुरशी' पसरली तेव्हा याच जातीच्या इंजेक्शनासाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते, हे आपण विसरलो नाही. त्याच रुग्णालयातील डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आपल्या बांधावरच्या कडुनिंबावर चढणाऱ्या गुळवेलीची आधुनिक कसोट्या लावून तपासणी केली. त्यांच्या सहकारी डॉ. ऊर्मिला थत्ते याही एम.डी., पीएच.डी. मुलीचे लग्न लांबेल म्हणून तिचे शिक्षण थांबविण्याचा विचार ज्या घरात चालू असेल, त्या घराने ही नावे भिंतीवर लिहून ठेवावीत.

आता कोणी म्हणेल, ही मुंबईची माणसे. धाडच्या पोराचे काय? तर मग शेजारी पाहा. आपल्या लगतच्या भोकरदन तालुक्यातील देहेड या खेड्यात १९५१ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म झाला. घरची गरिबी. नागपूरला एम.बी.बी.एस. आणि पुण्याला एम.डी. झाले. सन १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात ते रुजू झाले. तेथे लाल विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, दगावत. त्यांनी रुग्णापाशी बसून प्रत्येक लक्षण वहीत टिपले. दरदरून घाम, उलटी, गार पडणारे हातपाय, मग छातीत पाणी. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर असह्य ताण पडतो, असे त्यांच्या ध्यानात आले. ही निरीक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसीन हे स्वस्त औषध या रुग्णांना देऊन आलेले निष्कर्षही १९८६ साली तेथेच प्रसिद्ध झाले. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी ७० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला केवळ प्राझोसीन, दुसऱ्याला त्यासोबत विंचवाची प्रतिविष लस दिली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८, तर दुसऱ्यात ३५ पैकी ३२. हा अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. आणि गंमत पाहा, ती प्रतिविष लस हाफकिन यांच्याच नावाच्या सरकारी कंपनीत तयार झालेली होती! सन २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. हे काम त्यांनी पीएच.डी.साठी केलेले नव्हते. पदवी वाट सोपी करते. प्रश्न मात्र स्वतःलाच पडावा लागतो. कपाशी वेचताना किंवा दगड उचलताना विंचू चावलेला मजूर आपल्या भागातही दवाखान्यात येतो. त्याच्यावर आज उपचार होतात, त्यामागे शेजारच्या गावातल्या मुलाची वही आहे.

चाचांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी टाळणार नाही. एम.बी.बी.एस.ला साडेपाच वर्षे, एम.डी.ला तीन, पीएच.डी.ला आणखी तीन ते पाच. तिशी ओलांडते. मात्र प्रशिक्षणाच्या अखेरच्या वर्षापासून, एम.डी.च्या काळात विद्यावेतन मिळते आणि पीएच.डी.साठी शिष्यवृत्त्या आहेत. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला दोन महिने संशोधनाचा अनुभव मिळावा म्हणून परिषदेने १९७९ सालीच योजना सुरू केली होती. ज्या घराला इतकी वर्षे थांबणे शक्य नाही, त्या घरच्या मुलाने दवाखाना टाकला तर त्यात यत्किंचितही कमीपणा नाही. बावस्करांनीही रुग्ण तपासतच संशोधन केले. पण ज्यांना थांबणे शक्य आहे, त्यांनी केवळ 'लोक काय म्हणतील' या धास्तीने मुलाला किंवा मुलीला मागे ओढू नये. आणि ज्यांच्यापाशी चार पैसे अधिक आहेत, त्यांनी आगाखानांनी आपली वास्तू दिली हे आठवून एखाद्या गरीब विद्यार्थ्याचा एका वर्षाचा भार उचलावा.

विद्यार्थी मित्रहो, आजपासून एक वही करा. घरात, शेतात, दवाखान्यात जे दिसेल आणि ज्याचे कारण कळणार नाही ते तीत लिहा, आणि शाळेत आल्यावर मला विचारा. मला उत्तर आले नाही तर आपण दोघे मिळून शोधू. चाचा, तुमचा मुलगा आता अकरावी विज्ञानाला आहे. त्याची वही मी पाहिली आहे. त्याला शिकू द्या.