हरवलेला सेरेस
१ जानेवारी १८०१. सिसिलीतल्या पालेर्मो वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झीने एक ठिपका टिपला. दुसऱ्या रात्री तो सरकलेला! हाच सेरेस, मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यात सापडलेला पहिला. ११ फेब्रुवारीला पियाझ्झी आजारी पडला, निरीक्षणं थांबली. मग सेरेस सूर्याच्या उजेडात गडप. आता शोधायचा कुठे? त्याची फेरी ४.६ वर्षांची, हातात नोंदी ४१ दिवसांच्या. म्हणजे फेरीचा जेमतेम चाळिसावा हिस्सा! जर्मनीतल्या २४ वर्षांच्या गाऊसने तेवढ्यावरून अख्खी कक्षा मांडली. ३१ डिसेंबरला फॉन झाखला सेरेस त्याच सुमारास दिसला. सगळे गाऊसचं कौतुक करतात, मीही करतो. पण मला पियाझ्झीची वही जास्त आठवते. त्या नोंदी नेटक्या नसत्या, तर गाऊसने गणित कशावर केलं असतं?