मुदत, कपट आणि सीमा

विट्याहून पूर्वेस आटपाडीकडे जाणारा वाटसरू एके काळी वाटेतच राज्य ओलांडीत असे. विटे सातारा जिल्ह्यात, इंग्रजी अमलाखाली. आटपाडी औंध संस्थानात. बोली एक, बाजार एक, सोयरिकी दोहोंकडे. न्यायासने मात्र दोन. धनको व ऋणको ह्यांच्या व्यवहारात ह्या सीमेचे महत्त्व नकाशावर दिसते त्याहून पुष्कळच अधिक होते.

तथापि कपटाला पहिली वाट मिळाली ती सीमेमुळे नव्हे, तर कालगणनेमुळे. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनप्रमाणे रोख्यावरील फिर्याद बारा वर्षांपर्यंत करता येई. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. जुनाट कागद पुढे करून कोणास नाडता येऊ नये, हा हेतू चांगलाच होता. घडले उलटे. मुदत भरत आली की सावकार नवा रोखा लिहवून घेई. मुद्दल, व्याज आणि व्याजावरील व्याज ह्यांचे मिळून नवे मुद्दल होई. वाचता न येणाऱ्या कुणब्याचा अंगठा हीच त्याची कबुली ठरे. कुंपणच शेत खाऊ लागले, ते असे. १८७५ साली सुपे येथे दंगा उसळला, तेव्हा जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या रोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि पुणे, सोलापूर व अहमदनगर ह्यांबरोबर तो सातारा जिल्ह्यासही लागू पडला. नोंदलेल्या दस्तऐवजावरील दाव्यास बारा वर्षे व इतर दाव्यांस सहा वर्षे अशी मुदत त्याने दिली. परंतु त्याचे खरे मर्म मुदतीत नाही. लपविणाऱ्याने उघड करावे, हे त्यातील तत्त्व अधिक मोलाचे. फेडीची लेखी पावती ऋणकोने न मागताही द्यावयाची. मागितल्यास दरसाल हिशेबाचा उतारा द्यावयाचा. न्यायाधीशाने रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता देवघेवीचा इतिहास आरंभापासून तपासावयाचा. ऋणकोने रक्कम कबूल केली, तरी ती खरी आहे व आपले हक्क जाणून केलेली आहे, अशी खातरी झाल्यावाचून न्यायाधीशाची ह्या चौकशीतून सुटका नव्हती. अंगठ्याच्या सर्वशक्तिमानतेला बसलेला हा पहिला मोठा धक्का होय.

हा कायदा इंग्रजी हद्दीपुरताच होता. शेतकऱ्यावरील दावा तो राहतो तेथील न्यायालयातच चालावा, ही त्याची सोय सीमेपलीकडे निरुपयोगी होती. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने संस्थानी न्यायालय म्हणजे परकी न्यायालय. सरकारने तशी जाहिरात काढली असल्याखेरीज तेथील हुकूमनामा इकडे बजावता येत नसे. त्याच्या आधारे नवा दावा करावा लागे, आणि त्यास १९०८ च्या कायद्याने निर्णयाच्या तारखेपासून सहा वर्षे दिली होती. तो निर्णय कपटाने मिळविला असल्यास मात्र त्याची किंमत शून्य. उलट, प्रतिवादी इंग्रजी मुलखाबाहेर राहिला तेवढा काळ मुदतीतून वजा होई, म्हणजे सीमा ओलांडून केवळ दिवस मोजीत बसणाऱ्या लबाडाची डाळ शिजत नसे.

त्याच १९०८ च्या कायद्यात अठरावे कलम होते. हक्काची जाणीव कपटाने दडवून ठेवली असेल, तर कपट करणाऱ्याविरुद्ध मुदत मोजावयाची ती फसवणूक कळली त्या दिवसापासून. आवश्यक कागदच कपटाने दडविला असेल, तर तो हजर करण्याचे साधन हाती आले तेव्हापासून.

१९४८ साली औंध विलीन झाले आणि आटपाडीची सीमा पुसली गेली. विट्याचा व्यवहार मात्र आता कितीतरी लांब पसरला आहे. खानापूर-आटपाडी भागातील गलाई कारागीर सोनेचांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी भारतभर विखुरले आहेत, आणि ह्या धंद्यात शब्दावर व वहीवर भिस्त मोठी. त्यांनाही लागू असणाऱ्या १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने जुन्या अठराव्या कलमाचा वारसा सतराव्या कलमात घेतला. पण जाताजाता त्यात एक अटही घातली. फसवणूक प्रत्यक्ष कळली तो दिवस धरावयाचा, किंवा वाजवी दक्षता ठेवली असती तर ज्या दिवशी ती कळली असती तो. सावकाराची वही पाहण्याचा हक्क ज्यास १८७९ साली प्रथम मिळाला, त्याच्या नातवाकडून आता ती वही वेळेवर पाहण्याची अपेक्षाही ठेवण्यात आली.