कांगडी आणि हसंतिका

काश्मिरांत हिवाळ्यांत घरोघर जी कांगडी वापरतात ती तेथील मूळची, कीं परदेशांतून आलेली, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्याचें जें उत्तर प्रचारांत आहे तें जुन्या ग्रंथांशीं जुळत नाहीं, म्हणून त्याचा परामर्श घेणें अवश्य आहे. सर वॉल्टर लॉरेन्स यांनीं १८९५ सालीं काश्मीर खोऱ्याविषयीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत एक तर्क नमूद आहे. मोंगल बादशहांच्या परिवारांत जे इटालियन लोक होते, त्यांजपासून काश्मिरी लोक कांगडी वापरण्यास शिकले असावेत, असा तो तर्क. इटलींतही निखारे घालून हातीं धरण्याचें मातीचें भांडें प्रचारांत होतें, एवढाच त्यास आधार दिसतो. तथापि तो अद्यापिही लेखांतून पुनःपुन्हा उतरविला जातो.

ज्यांनीं ही वस्तु पाहिली नाहीं त्यांच्याकरितां तिचें वर्णन देतों. आंत मातीचें वाडग्यासारखें भांडें, बाहेरून वेताप्रमाणें लवचिक अशा काड्यांची वीण, वर धरावयास मूठ, आणि निखारे खालवर करण्यासाठीं दोरीनें बांधलेली लहानशी पळी. तळाशीं कोळशाची, पुष्कळदां चिनाराच्या पाल्याच्या कोळशाची, भुकटी घालून वर थोडा विस्तव ठेवितात व तो राखेनें झांकितात. म्हणजे विस्तव मंदपणें कित्येक तास टिकतो. फेरण नांवाचा जो पायघोळ सैल अंगरखा, त्याच्या आंत कांगडी घेऊन माणूस बसतो व हिंडतोही. सारें घर तापविण्यास जितकें सर्पण लागेल त्याच्या अल्पांशांत एकेका माणसास ऊब मिळते. २१ डिसेंबरापासून चाळीस दिवसांचा जो कडक थंडीचा काळ, ज्यास तेथें चिल्ले कलान म्हणतात, तो गरिबाच्या घरींही या युक्तीनें निभावतो.

आतां प्रमाणें पाहूं. अकबरानें काश्मीर घेतलें तें १५८६ सालीं. त्यापूर्वी सुमारें साडेचारशें वर्षें, राजा जयसिंहाच्या कारकीर्दींत (११२८–११५५), काश्मिरी कवि मंख यानें श्रीकंठचरित रचिलें. त्यांत आपल्या देशाचें वर्णन करितांना तो हसंतिकेचा निर्देश करितो. हसंतिका म्हणजे हंसणारी. फुललेल्या निखाऱ्यांवरून पडलेलें हें गोड नांव. हें एकटें प्रमाण इटालियन तर्क ढांसळविण्यास पुरेसें आहे. ब्यूलर यांनीं १८७५ सालीं मुंबई सरकारतर्फे काश्मिरांत जाऊन पोथ्या जमविल्या व त्यांचा वृत्तान्त १८७७ सालीं छापला. त्या पोथ्या पुण्यास डेक्कन कॉलेजांत आल्या व १९१८ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाल्या. श्रीकंठचरित जोनराजाच्या टीकेसह १८८७ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें काव्यमालेंत काढिलें. सारांश, तर्क छापला गेला त्यापूर्वी आठ वर्षें त्याचें खंडन मुंबईंत छापून तयार होतें!

अमरकोशांतही अंगारधानिका, अंगारशकटी व हसंती हे शब्द एकत्र दिले आहेत. परंतु येथें जपून पाऊल टाकावें. अमराच्या शब्दांनीं शेगडी सिद्ध होते. अंगरख्याखालीं बाळगण्याची कांगडी सिद्ध होत नाहीं. शकटी म्हणजे गाडी, व गाडी कोणी पोटाशीं धरीत नाहीं. म्हणून अमरापेक्षां मंखाची साक्ष आम्ही अधिक मोलाची मानतों. तो त्याच थंडींत वाढलेला होता. कांगडी हा शब्द काष्ठांगारिका यावरून आला असावा, ही व्युत्पत्ति आम्हांस संभवनीय वाटते, परंतु निर्णायक वाटत नाहीं.

आपल्या मराठींतील शेगडी मात्र त्याच शकटीची कन्या होय. गुजरातींतील सगडीही तीच. ऊब देणाऱ्या खोल्यांचाही उल्लेख आपणांस परका नाहीं. वाग्भटानें अष्टांगहृदयांतील ऋतुचर्येंत, निखाऱ्यांनीं तापविलेल्या गर्भगृहांत व भुयारांत राहणाऱ्यास थंडीचे विकार होत नाहींत, असें सांगितलें आहे. आणि या ग्रंथावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें टीका लिहिली. अर्थात् अशीं घरें श्रीमंतांचीं. घोंगडी व शेकोटी हाच येथील बहुजनांचा आधार.

कांगडीपासून अपायही होतो, व तो लपविण्याचें कारण नाहीं. एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरानें १८६६ सालींच दाखविलें कीं, पोट व मांड्या वारंवार भाजून तेथें कर्करोग उद्भवतो. तरीही तिची प्रतिष्ठा कमी झाली नाहीं. काश्मिरी पंडितांत मकरसंक्रांतीस मृत आप्ताच्या नांवानें उपाध्यायास कांगडी दान देण्याची चाल आहे; परलोकींही थंडी वाजूं नये, हा तिचा हेतु. अशी चाल परक्यांच्या अनुकरणानें आली, हें आम्हांस पटत नाहीं. दक्षिणेंतील दानखंडाच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं हेमंत व शिशिर ऋतूंतील दानांचीं प्रकरणें या दृष्टीनें चाळून, हसंती अथवा अंगारशकटी हे शब्द आढळल्यास तीं पानें मंडळाकडे उतरून पाठवावीं.