न कुरकुरणारा पट्टा

परवा गाडीचा टायमिंग बेल्ट बदलून घेतला. जुना पट्टा दिसायला अगदी धडधाकट. त्यामुळे घरच्यांचा प्रश्न साहजिक होता, "चांगला होता तर बदलला कशाला?" उत्तरासाठी जरा इतिहासात शिरावं लागतं.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा, तरच व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात-मिटतात. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी घ्या नाहीतर अँबॅसेडर, दोघींत हे काम साखळी करायची. साखळी सैल पडली की खडखडायची. मिस्त्री बॉनेट उघडून कान द्यायचा आणि सांगायचा, "चेन गेली, साहेब." निम्मं निदान कानानंच व्हायचं.

पट्टा आला बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावातून. तिथली ग्लास ही कंपनी मूळची शेतीची यंत्रं बनवणारी. मग तिनं स्कूटर काढल्या आणि १९५५ साली चिमुकली गोगोमोबिल. १९६२ साली आलेल्या 'ग्लास १००४'मध्ये तिनं दातेरी रबरी पट्टा बसवला. कारखान्यात मोठ्या संख्येनं बनणाऱ्या गाडीत असा पट्टा प्रथमच आला. हलका, स्वस्त, आवाज नाही, तेलपाणी नाही! १९६६ साली फियाटनं '१२४ स्पोर्ट'मध्ये तो घेतला आणि मग तो जगभर पसरला. ग्लास कंपनी मात्र त्याच सुमारास बीएमडब्ल्यूनं विकत घेतली.

आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर हा पट्टा मध्यमवर्गीय घरांत पोचला.

गंमत अशी की पट्ट्याचा गुण तोच त्याचा दोष. साखळीसारखा तो आधी कुरकुरत नाही, एक दिवस सरळ तुटतो. बऱ्याच इंजिनांत मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणून इथे कान चालत नाही, पुस्तकातला किलोमीटरचा आणि वर्षांचा आकडा पाळावा लागतो. टेन्शनर आणि पट्ट्यावर चालणारा वॉटर पंपही त्याच वेळी बदलतात, कारण पुन्हा तीच खोलाखोल कोण करणार?

आता अनेक कंपन्या परत साखळीकडे वळल्या आहेत. पण पट्ट्याच्या गाड्या अजून भरपूर आहेत. तेव्हा भाचे-पुतणे मंडळी, जुनी गाडी घेताना इंजिनाच्या गोड आवाजावर भाळू नका. पट्टा कधी बदलला, त्याचं बिल मागा.