इन्शुलिन देऊनही कुत्री का मेली?

इन्शुलिनच्या शोधाची गोष्ट आपण वर्गात बहुधा १९२२ सालापाशी थांबवतो. टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यांना स्वादुपिंडाचा अर्क टोचला, त्यांच्या रक्तातली साखर उतरली. पाठोपाठ त्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला इंजेक्शन मिळालं. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाऊड यांना नोबेलही मिळालं. गोष्ट संपली!

कुत्र्यांची मात्र संपली नव्हती. १९२४ साली मॅक्लाऊड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की स्वादुपिंड नसलेली कुत्री इन्शुलिनवर काही महिने बरी राहतात, मग खंगतात आणि मरतात. साखर आटोक्यात असूनही! पोट उघडून पाहावं, तर यकृत फुगलेलं, पिवळट, मेदाने गच्च भरलेलं. बरं, खाणं काय होतं? चरबी नसलेलं मांस आणि साखर. हे आपल्याला थबकायला लावतं. यकृतात मेद साठायला मेदच खाल्ला पाहिजे असं नाही.

उपाय अचानक सापडला. खाण्यात कच्चं स्वादुपिंड मिसळलं की कुत्री सुधारत. पण तोंडावाटे घेतलेलं इन्शुलिन तर पचून जातं! म्हणजे स्वादुपिंडात आणखी काहीतरी होतं. (हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा, वर्गात छान चर्चा होते.)

अंड्याच्या बलकात भरपूर असणारं लेसिथिन स्वादुपिंडातही असतं. बेस्ट यांच्याबरोबर काम करणाऱ्या हर्शी यांनी ते कुत्र्यांना देऊन पाहिलं, आणि यकृतातला मेद उतरला. मग बेस्ट आणि हंट्समन यांनी उंदरांवर लेसिथिनचे घटक वेगवेगळे तपासले. १९३२ साली त्यातला कामाचा घटक हाती लागला : कोलीन. स्ट्रेकर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६२ सालीच त्याला पित्तावरून हे नाव दिलं होतं; पण त्याचं शरीरात एवढं महत्त्व असेल याचा कुणाला पत्ता नव्हता.

हे घडतं कसं, ते कळायला आणखी काही दशकं लागली. यकृताच्या पेशीत मेद तीन वाटांनी येतो : अन्नातून, शरीरातल्या चरबीतून आणि साखरेपासून तिथेच तयार होऊन. तो जळतो किंवा बाहेर धाडला जातो. पण मेद पाण्यात विरघळत नाही आणि रक्त बहुतांशी पाणीच. म्हणून मेदाच्या बारीक थेंबांना एका मोठ्या प्रथिनाचा आधार आणि लेसिथिनचं आवरण द्यावं लागतं. लेसिथिनचं एक टोक मेदात रमतं, दुसरं पाण्यात. दुधात स्निग्धांश पांगलेला राहतो, तोही अशाच आवरणामुळे. कोलीन नसेल तर आवरण नाही. माल तयार, पण बांधायला कापडच नाही. वखार भरत जाते.

कच्च्या स्वादुपिंडाचं श्रेय मात्र सगळं कोलीनचं नव्हतं. त्यातल्या विकरांमुळे मांसातली प्रथिनं पचत आणि मिथिओनीन हे अमिनो आम्ल मिळे. त्याच्या मदतीने यकृत स्वतःही थोडं कोलीन बनवतं. पण तेवढं पुरत नाही. १९९१ साली निरोगी पुरुषांना कोलीनविरहित आहार दिला, तेव्हा काही आठवड्यांतच त्यांच्या यकृताला इजा होत असल्याच्या खुणा रक्तात दिसल्या.

यकृतात नुसता मेद साठला तर बरेचदा काही जाणवत नाही. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, पेशी मरतात, व्रणासारखे तंतू वाढतात आणि शेवटी यकृत निबर होतं. हे दारूचंच काम, अशी समजूत पक्की होती. ‘मी घेत नाही’ म्हणणाऱ्या रुग्णावर कोण विश्वास ठेवणार? १९८० साली मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी दारू न पिणाऱ्या २० रुग्णांच्या यकृतातले हेच बदल नोंदवले आणि त्या आजाराला वेगळं नाव दिलं. त्यांतले बहुतेक स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता.

म्हणजे कुत्र्यांच्या वखारीतून माल निघत नव्हता, तर या रुग्णांच्या वखारीत तो मुख्यतः बेसुमार येत होता. म्हणूनच कोलीनच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. वजन उतरवलं तर मेद उतरतो. २०२३ साली तज्ज्ञांनी आजाराचं नाव बदललं. जुन्या नावातला दारूचा उल्लेख गेला, त्याच्या जागी चयापचयातला बिघाड आला.